अकरावीचे विषय आणि विद्यापीठाचे दरवाजे

पालघर तालुक्यातील शिरगाव हे सातपाटी आणि माहीम यांच्या मधले समुद्रकाठचे गाव. मासेमारी, वाडी-बागायत आणि नोकरीधंद्यासाठी पालघर, बोईसर किंवा मुंबईकडे रोज होणारी ये-जा असा या पट्ट्यातील जीवनक्रम आहे. दहावीचा निकाल लागला की येथील घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : मुलाला किंवा मुलीला आता कोठे घालावयाचे? या प्रश्नाचे उत्तर बहुधा गुणांवरून दिले जाते. भरपूर गुण मिळाले तर विज्ञान, मध्यम मिळाले तर वाणिज्य आणि कमी मिळाले तर कला, असा सोपा हिशेब मांडला जातो. विषय कोणते घ्यावयाचे हा प्रश्न अर्ज भरण्याच्या दिवशी, खिडकीपाशी उभे राहून सोडविला जातो.

हा हिशेब अपुरा आहे. विद्यापीठ व व्यावसायिक महाविद्यालये प्रवेशाच्या वेळी केवळ शाखेचे नाव पाहत नाहीत. बारावीला कोणते विषय होते, हे पाहतात. शाखा योग्य असूनही एक विषय नाही म्हणून विद्यार्थी अपात्र ठरतो. अकरावीची विषयनिवड म्हणजे पुढील कोणते दरवाजे उघडे ठेवावयाचे आणि कोणते स्वतःच्या हाताने लावून घ्यावयाचे याचा निर्णय होय.

निर्णयाचे वय

कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात देशातील शिक्षणाचा आढावा घेऊन दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध सुचविला. महाराष्ट्रात त्यानुसार दहावीची पहिली शालांत परीक्षा १९७५ साली झाली. तेव्हापासून पहिली दहा वर्षे सर्वसाधारण शिक्षणाची आणि पुढील दोन वर्षे शाखानिहाय शिक्षणाची अशी विभागणी रूढ झाली. त्यामुळे आयुष्याला वळण देणारा हा निर्णय पंधरा-सोळा वर्षांच्या वयात घ्यावा लागतो. ज्या घरातील कोणीही पूर्वी महाविद्यालयात गेलेले नाही, त्या घराला या निर्णयात शाळेखेरीज दुसरा सल्लागार नसतो.

उलट्या क्रमाने विचार

विषय निवडण्याची बिनचूक रीत म्हणजे शेवटापासून आरंभाकडे येणे. विद्यार्थ्याला आवडणारे दोन-तीन पदवी अभ्यासक्रम प्रथम कागदावर लिहावेत. प्रत्येकासाठी बारावीला कोणते विषय आवश्यक आहेत, किमान किती गुण लागतात आणि कोणती प्रवेश परीक्षा द्यावी लागते, हे त्यांच्यापुढे मांडावे. या सर्वांना सामाईक असणारे विषय प्रथम निश्चित करावेत. उरलेल्या जागी आवडीचे किंवा गुण मिळवून देणारे विषय घ्यावेत. हा क्रम उलटला, म्हणजे सोपे विषय आधी आणि पदवीचा विचार नंतर असे झाले, की अडचण उद्‌भवते.

विज्ञान शाखेत गणित आणि जीवशास्त्र हे दोन विषय निर्णायक ठरतात. अभियांत्रिकीची राज्य सामाईक प्रवेश परीक्षा भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित या विषयांवर होते. वैद्यकीय, दंतवैद्यकीय व आयुर्वेद अभ्यासक्रमांसाठीची राष्ट्रीय परीक्षा, म्हणजे ‘नीट’, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांवर आधारलेली असून तिच्या एकूण ७२० गुणांपैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे असतात. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीसाठी भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांच्या जोडीला गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक चालते. परिचर्येच्या बी.एस्‌सी. पदवीला जीवशास्त्र लागते. मात्र परिचर्येच्या पदविकेचा मार्ग, इंग्रजीसह बारावी उत्तीर्ण झालेल्या अन्य शाखांच्या विद्यार्थ्यांनाही मोकळा आहे.

ज्या विद्यार्थ्याचा निर्णय पक्का झालेला नाही, त्याने गणित व जीवशास्त्र हे दोन्ही विषय ठेवणे हिताचे असते. अभ्यासाचा भार वाढतो हे खरे. परंतु मनाचा कल स्थिर होण्यास दोन वर्षांचा अवधी मिळतो. मात्र ज्याला गणित खरोखरच झेपत नाही, त्याच्यावर ते केवळ सावधगिरी म्हणून लादणे योग्य नव्हे. दोन्ही विषयांत काठावर उत्तीर्ण होण्यापेक्षा एका गटात चांगली तयारी असणे प्रवेश परीक्षेत अधिक उपयोगी पडते.

गुण देणारे विषय आणि त्यांची किंमत

कनिष्ठ महाविद्यालयांत द्विलक्षी अभ्यासक्रमाची सोय असते. संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स यांसारखा २०० गुणांचा व्यवसाय विषय घेतल्यास दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांची जागा तो भरून काढतो. प्रात्यक्षिकांमुळे अशा विषयांत गुण चांगले मिळतात, म्हणून त्यांना मागणी असते. अभियांत्रिकीकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही निवड योग्यच आहे. तथापि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित यांच्याबरोबर हा विषय घेतला की जीवशास्त्राला जागा उरत नाही. ही गोष्ट विद्यार्थ्याला प्रवेशाच्या वेळीच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. वर्षभराने परिचर्या किंवा वैद्यकीय शिक्षणाची इच्छा झाली, तर मिळालेले वाढीव गुण तेथे कामी येत नाहीत.

वाणिज्य शाखेतही असाच एक फाटा आहे. पुस्तपालन व लेखाकर्म, अर्थशास्त्र, वाणिज्य संघटन व व्यवस्थापन यांच्या जोडीला पुष्कळ विद्यार्थी गणित टाळून चिटणिसाची कार्यपद्धती हा विषय निवडतात. साध्या बी.कॉम. पदवीसाठी त्याने काही बिघडत नाही. परंतु संगणक किंवा संख्याशास्त्राशी संबंधित पदवीकडे वळावयाचे झाल्यास बारावीला गणित होते काय, हा प्रश्न पुढे येतो. वाणिज्य शाखेसाठी गणित व संख्याशास्त्राचा स्वतंत्र अभ्यासक्रम असतो, हे तर अनेक पालकांना ठाऊकही नसते.

किनाऱ्यावरील दोन उदाहरणे

समुद्रावर पोट असणाऱ्या घरातील मुलाने शिकावयाचे म्हणजे समुद्र सोडावयाचा, असा एक समज आहे. तो दूर करणारे उदाहरण कोकणातच आहे. रत्नागिरीजवळच्या, योगायोगाने शिरगाव याच नावाच्या गावी, दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून चालू आहे. तेथे मत्स्यविज्ञानाची चार वर्षांची पदवी मिळते. पुढील पदव्युत्तर व संशोधनपर शिक्षणासाठी मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. मत्स्यबीजनिर्मिती, कोळंबी संवर्धन, प्रक्रिया व निर्यात, तसेच शासनाचा मत्स्यव्यवसाय विभाग अशी क्षेत्रे या शिक्षणातून खुली होतात. या मार्गाची पहिली पायरी मात्र अकरावीत आहे. विज्ञान शाखा आणि तीत जीवशास्त्र हवे. पंधराव्या वर्षी जीवशास्त्र सोडलेल्या कोळ्याच्या मुलाला घरचा अनुभव कितीही असला तरी ही वाट बंद होते.

दुसरे उदाहरण तारापूरचे. तेथील अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच १९६९ साली सुरू झाले; ५४० मेगावॉट क्षमतेचे तिसरा व चौथा हे संच २००५-०६ या काळात कार्यान्वित झाले. अणुवीज महामंडळात प्रशिक्षणार्थी तंत्रज्ञांच्या भरतीसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेऊन बारावी उत्तीर्ण झालेल्यांचा विचार होतो. विज्ञानाचे पदवीधर व अभियांत्रिकी पदविकाधारक यांच्यासाठी वरची श्रेणी असते. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रसायने व औषधे यांचे कारखाने मोठ्या संख्येने आहेत. तेथील प्रयोगशाळा व गुणनियंत्रण विभागांत रसायनशास्त्राच्या पदवीधराला वाव मिळतो. उद्योग दाराशी असले तरी त्यांतील कोणत्या कामावर जाता येईल, हे मुख्यतः शिक्षणावरून आणि विषयांवरून ठरते.

दहावीनंतर थेट तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेऊन पुढे अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश घेणे, हा आणखी एक मार्ग आहे. लवकर कमावते होण्याची गरज असलेल्या कुटुंबाला तो सोयीचा ठरतो, कारण पदविका हाती आल्यावर नोकरी किंवा पुढील शिक्षण असे दोन्ही पर्याय राहतात.

कला शाखेविषयी

कला शाखा ही उरलेल्यांची शाखा, ही समजूत विद्यार्थ्यांचे मोठे नुकसान करते. बारावीनंतरचा पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला खुला आहे. लोकसेवा आयोगाच्या परीक्षा, अध्यापन, पत्रकारिता, समाजकार्य व ग्रंथालयशास्त्र यांचा पाया भाषा, इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल या विषयांत घातला जातो. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांतील पदवी प्रवेशासाठी सामाईक परीक्षा घेतली जाते. तीत विद्यार्थ्याने निवडलेल्या विषयांचीच कसोटी लागते. म्हणून कला शाखेतही विषय पुढील पदवीशी जुळणारे असावेत. विज्ञान शाखेतून कला किंवा वाणिज्यच्या पदवीकडे वळता येते. उलट दिशेने विज्ञानाच्या पदवीकडे येणे साधारणतः शक्य होत नाही. एवढ्या एका कारणासाठी मात्र, आवड नसताना विज्ञानात दोन वर्षे घालविणे शहाणपणाचे नव्हे.

माध्यम आणि अंतर

मराठी माध्यमातून दहावी झालेला विद्यार्थी विज्ञान शाखेत गेला की त्याच्यापुढे एकाएकी इंग्रजी पाठ्यपुस्तके येतात. पहिल्या सहामाहीत तो मागे पडतो. तेव्हा आपली बुद्धीच कमी आहे असे त्याला वाटू लागते. वस्तुतः अडचण परिभाषेची असते. दहावीच्या परीक्षेनंतरच्या दीड-दोन महिन्यांत गणित व विज्ञानातील मराठी संज्ञांना असलेले इंग्रजी प्रतिशब्द पक्के करून घेतले, तर ही अडचण बरीच कमी होते.

अंतराचा प्रश्नही लहान नाही. माहीमचे सुपुत्र, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक सोनोपंत दांडेकर यांच्या नावाचे पालघर येथील महाविद्यालय कला, वाणिज्य व विज्ञान या तिन्ही शाखांचे शिक्षण देते. २०१३ पासून उपनगरी गाडी डहाणूपर्यंत धावू लागल्याने वसई-विरार व मुंबईची महाविद्यालयेही आवाक्यात आली. तरीही रोजचा प्रवास अभ्यासाचा वेळ खातो. अपेक्षित विषय जवळच्या महाविद्यालयात शिकविला जातो काय, त्याला शिक्षक आहेत काय आणि प्रयोगशाळा चालू आहे काय, याची चौकशी प्रवेशापूर्वीच करावी.

शाळा व पंचायतीचे काम

राज्यात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेण्यात आली. कल समजणे उपयुक्तच आहे. परंतु कल आणि पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पात्रतेची माहिती कोणीतरी समोर बसवून द्यावी लागते, आणि हे काम गावातच होऊ शकते.

माध्यमिक शाळेने दहावीच्या वर्षी, निकालाची वाट न पाहता, पालकांची एक सभा या एकाच विषयासाठी घ्यावी. कोणत्या पदवीला कोणते विषय लागतात याचा तक्ता फलकावर लावावा आणि तो दरवर्षी प्रवेश नियमांशी ताडून दुरुस्त करावा, कारण हे नियम बदलतात. ग्रामपंचायतीने गावातील पदवीधर, परिचारिका, अभियंते, शिक्षक यांना अशा सभेस बोलवावे. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन पद्धतीने होऊ लागला आहे. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यास तेथेच प्रवेश घेणे बंधनकारक असल्याने पसंतिक्रम विचारपूर्वक भरला पाहिजे. ज्या घरी संगणक नाही, त्यांच्यासाठी शाळेत किंवा ग्रामपंचायत कार्यालयात मदतीची व्यवस्था असावी.

कागदपत्रांकडेही याच वेळी लक्ष द्यावे. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना जात वैधता प्रमाणपत्र लागते, आणि त्याला वेळ लागतो. ही तयारी बारावीच्या निकालानंतर सुरू केल्यास उशीर झालेला असतो. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत देण्यात आली आहे. ही माहिती न पोहोचल्याने, फी परवडणार नाही या भीतीपोटी, मुलीला विज्ञान शाखाच नाकारली जाऊ नये.

निवड चुकली तर

निवड चुकली म्हणून सर्वस्व गमावले असेही नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत राहिलेला विषय स्वतंत्रपणे उत्तीर्ण होता येतो. नोकरी करीत पदवी घेण्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीला मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय निवडण्याची मोकळीक मिळू लागली आहे. तथापि या वळणवाटांना वेळ व पैसा लागतो. आणि हातावर पोट असणाऱ्या घरात गेलेले एक वर्ष बहुधा परत मिळत नाही. वाया जाणारे असे वर्ष वाचविण्यास दहावीच्या वर्षी घेतलेली एक सभा, एक अद्ययावत तक्ता आणि शिक्षकाने मुलासह पालकांना समोर बसवून दिलेला अर्धा तास एवढी सामग्री पुरेशी आहे.