प्रिंटरची भाषा कोणाला येते?

धडगाव तालुक्यातील एका शाळेत दहा संगणक आहेत. दहा-अकरा वर्षांचे, पण चालू. त्यांवर असलेल्या विंडोज १० या कार्यप्रणालीचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ त्यांवर रीतसर बसत नाही, कारण तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि अलीकडच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. नवे संगणक घ्यायला पैसे नाहीत. तेव्हा विज्ञानाच्या सरांनी लिनक्स बसवायचे ठरवले. मी कामानिमित्त त्या भागात होतो, म्हणून मलाही बोलावले. तासाभरात पहिला संगणक तयार झाला, मराठी अक्षरेही स्वच्छ दिसली. मग सर म्हणाले, "आता एक पान छापून बघू या. सोमवारी घटक चाचणी आहे."

पान छापले गेले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कार्यालयातील एक गृहस्थ म्हणाले, "फुकटची वस्तू, ती अशीच असायची." हे उत्तर अनेकांना पटते. पण ते बरोबर नाही.

प्रिंटर, स्कॅनर, वायफायची पिन अशा प्रत्येक उपकरणाची आज्ञा घेण्याची स्वतःची रीत असते. अमुक आकडा आला की कागद ओढायचा, तमुक आला की ठिपका उमटवायचा. कार्यप्रणालीला ही रीत ठाऊक नसते. मधे एक छोटा कार्यक्रम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. नावावरून गाडी हाकणारा डोळ्यांपुढे येतो, काम मात्र दुभाष्याचे. धडगावच्या बाजूला नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. पहिलीच्या वर्गात मुले पावरी बोलतात आणि गुरुजींना ती येत नाही. वर्गातील एखादे मोठे मूल मदतीला येईपर्यंत दोन्ही बाजू हुशार असूनही गाडी पुढे सरकत नाही.

मग माउस, कीबोर्ड आणि पेनड्राइव्ह लावताक्षणी कसे चालले? कारण या उपकरणांची भाषा यूएसबीच्या जाहीर नियमांत लिहिलेली आहे. कोणत्याही कंपनीचा माउस तीच बोलतो, त्यामुळे एकच दुभाषा सर्वांना पुरतो. प्रिंटरचे तसे नाही, आणि स्वस्त प्रिंटरचे तर मुळीच नाही.

येथे थोडा हिशेब करू. ए-४ आकाराचे पान इंचाला ६०० ठिपके या दराने छापायचे, तर रुंदीत सुमारे ४,९६० आणि लांबीत सुमारे ७,०१५ ठिपके बसतात. म्हणजे एका पानाला जवळजवळ साडेतीन कोटी. कोणता ठिपका काळा आणि कोणता कोरा, हे कोणीतरी ठरवावे लागते. महाग प्रिंटरमध्ये त्यासाठी स्वतःचा प्रोसेसर आणि स्मृती असते. "येथे अ अक्षर काढ, तेथे रेघ मार" एवढे पोस्टस्क्रिप्टसारख्या जाहीर भाषेत सांगितले की बाकीचे तो पाहतो. स्वस्त प्रिंटरमधून हा मेंदू काढून टाकलेला असतो. ठिपक्यांचा हिशेब संगणकानेच करायचा, आणि तो कंपनीच्या खाजगी रीतीने आवळून पाठवायचा. त्या रीतीचे वर्णन कंपनीने छापले नाही, तर दुभाषा फक्त कंपनीच लिहू शकते.

आमच्या प्रिंटरच्या कंपनीने लिनक्ससाठी एक ड्रायव्हर पूर्वी दिला होता. पण तो जुन्या ३२-बिट प्रणालीसाठी बांधलेला होता. त्याची मूळ संहिता दिलेली नव्हती, म्हणून तो दुरुस्त करणे आमच्या हाती नव्हते. उपकरण धडधाकट, संगणक धडधाकट, आणि मधला दुभाषा निवृत्त!

गंमत अशी की मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ अशाच एका प्रिंटरवरून सुरू झाली, असे तिचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन सांगत आले आहेत. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा लेसर प्रिंटर आला. त्यात कागद अडकला की मजल्यापलीकडे बसलेल्याला ते कळावे, अशी सोय स्टॉलमन यांना करायची होती. जुन्या प्रिंटरला त्यांनी तशी केलीही होती. नव्याची संहिता मात्र त्यांना मिळाली नाही. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचा लिनक्स हा गाभा आला, आणि दोन्ही मिळून आज आपण वापरतो ती प्रणाली झाली.

वायफायच्या पिनीने वेगळाच पेच टाकला. तिचा ड्रायव्हर लिनक्समध्ये होता, पण पिनीतील चिपला सुरू होताना फर्मवेअर नावाची आणखी एक फाइल भरवावी लागते आणि ती आमच्याकडे नव्हती. फाइल इंटरनेटवर, आणि इंटरनेट पिनीवाचून नाही! शेवटी सरांचा मोबाइल वायरने संगणकाला जोडला आणि त्याचे इंटरनेट यूएसबीवरून घेतले. त्याला वेगळे काही बसवावे लागले नाही. डेबियन या प्रसिद्ध लिनक्स प्रणालीने २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून अशा बऱ्याच फाइली मूळ संचातच घालायला सुरुवात केली. आमच्या हातातला संच जुना होता.

खरे तर माझी चूक आधीच झाली होती. लिनक्स न बसवता नुसती पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते, आणि डिस्कवरचे काही पुसले जात नाही. तशी ती चालवून प्रिंटर, ध्वनी, प्रोजेक्टर, वायफाय सगळे तपासून मगच पुढे जायला हवे होते. तेथे 'एलएसयूएसबी' ही आज्ञा (इंग्रजी लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता) दिली की प्रत्येक यूएसबी उपकरणापुढे चार-चार चिन्हांचे दोन क्रमांक दिसतात. पहिला कंपनीचा, दुसरा उपकरणाचा. चौकशी करताना हेच क्रमांक सांगावेत. खोक्यावरच्या नावावर जाऊ नये, कारण नाव तेच ठेवून आतली चिप बदललेली असते, असा अनुभव नेहमीचा आहे.

घटक चाचणीचे काय झाले? एका संगणकावर विंडोज १० तशीच ठेवली, त्याचे इंटरनेट काढले आणि प्रिंटर त्याला जोडला. प्रश्नपत्रिका लिनक्सवर तयार करून, पीडीएफ करून, पेनड्राइव्हने तेथे नेली. रविवारी संध्याकाळी छापून झाली. आठवीच्या मुलांनी शाळेतील सगळ्या उपकरणांचे क्रमांक एका वहीत उतरवले आहेत. नवा प्रिंटर घेण्याआधी दुकानदाराला विचारायचा प्रश्न सरांनी पहिल्याच पानावर लिहिला आहे: "हा ड्रायव्हरशिवाय छापतो का?"