बिनहिशेबी गुणसूत्रे

गुणसूत्रांची संख्या म्हणजे जातीची ओळख, असे आपण शाळेत शिकतो. माणसाची 46, पाळीव मधमाशीची 32, हिशेब संपला. ब्राझीलमधली एक छोटी काळी माशी मात्र या हिशेबात बसत नाही. तिचे नाव पार्टामोना हेलेरी. नांगी खुरटलेली असल्याने डंख न मारू शकणाऱ्या मधमाश्यांपैकी ती एक. तिच्या घरट्याचे मातीचे तोंड इतके रुंद असते की तिथले लोक तिला 'बेडूकतोंडी' या अर्थाच्या नावाने ओळखतात.

या जातीच्या कामकरी माशीत 34 गुणसूत्रे असतात. नरात 17, कारण नर फलित न झालेल्या अंड्यातून जन्मतो. त्याला बाप नसतो, आजोबा मात्र असतो. पण 1992 साली ब्राझिलियन संशोधकांनी या माश्यांच्या पेशी तपासल्या, तेव्हा काहींत 34च्या वर काही बारीक गुणसूत्रे दिसली. एका माशीत एकही नाही, दुसरीत एक, तिसरीत दोन-तीन. माश्या एकाच जातीच्या, कधी तर एकाच घरट्यातल्या!

अशा वरकड गुणसूत्रांना 'बी गुणसूत्रे' म्हणतात. एडमंड विल्सन यांनी 1907 साली ती एका ढेकणवर्गीय कीटकात पाहिली होती. नाव मात्र 1928 साली मक्यावर काम करणाऱ्या रँडॉल्फ यांनी दिले. नेहमीची ती 'ए', जास्तीची ती 'बी'. ती नसली तरी प्राण्याचे काही अडत नाही. मग ती टिकतात कशी? मला या विषयातला खरा प्रश्न हाच वाटतो.

उत्तराचा एक धागा नराच्या अंगी आहे. शुक्राणू बनताना आपल्याकडे गुणसूत्रे निम्मी होतात. या नराकडे मुळात एकच संच. निम्मे कशाचे करणार? म्हणून तो आपला सगळा संच जसाच्या तसा प्रत्येक शुक्राणूत भरतो, आणि त्यात बी असेल तर तेही. म्हणजे बापाकडचे बी प्रत्येक मुलीला मिळते. राणीकडे जोडीदार नसलेले एकच बी असेल, तर ते अंड्यात जाईल की नाही, हा नशिबाचा भाग. या माश्यांची राणी बहुधा एकाच नराशी मीलन करते. तेव्हा एका घरट्यातल्या बहिणींमध्ये फरक दिसला, तर तो मुख्यतः आईकडून आलेला समजायला हरकत नाही.

हे पाहुणे निरुपद्रवी असतात, असे मात्र समजू नये. नासोनिया या परोपजीवी गांधीलमाशीत एक बी गुणसूत्र शुक्राणूबरोबर अंड्यात शिरते आणि बापाकडून आलेली बाकी सगळी गुणसूत्रे नष्ट करते. मादी व्हायची ती नर होते, आणि बी सुखरूप पुढच्या पिढीत जाते. ज्या घरात राहायचे तेच घर जाळायचे, आणि तरी वंश चालू ठेवायचा!

बीचे प्रकरण बाजूला ठेवले, तरी या माश्यांचा मूळ संचही स्थिर नाही. बहुतेक प्रजातींत एका संचात 17 गुणसूत्रे, मेलिपोनात बहुधा 9, आणि त्यातही ॲमेझॉनमधल्या मेलिपोना सेमिनिग्रात 11. वॉरविक केर (आफ्रिकी मधमाश्या ब्राझीलमध्ये आणणारे म्हणून जगाला ठाऊक असलेले तेच) यांचा कयास होता की 9ची दुप्पट होऊन मोठे आकडे आले. पुढे जपानी संशोधक इमाई यांनी मुंग्यांसाठी मांडलेला विचार इथे लावला गेला: मोठी गुणसूत्रे तुटतात आणि तुटलेल्या टोकावर जनुके जवळजवळ नसलेल्या, गडद रंगणाऱ्या द्रव्याची भर पडते. 17 संख्येच्या जातींत बऱ्याच गुणसूत्रांची एक बाजू तशी गडद दिसते, म्हणून हा विचार पटतो. अलीकडे वंशवृक्षावर आकडे मांडून पाहिले, तर उलटेच दिसते. पूर्वजांची संख्या मोठी असावी, आणि मेलिपोनात जोडणीने ती घटली. माझा कौल या मताला आहे, कारण मेलिपोनाचा 9 हा आकडा वृक्षाच्या एकाच फांदीवर येतो.

पार्टामोनाच्या बीमधला एक विशिष्ट डीएनए तुकडा याच प्रजातीच्या इतर काही जातींतही सापडला आहे. तो संकरातून गेला असेल किंवा सामाईक पूर्वजाकडून आला असेल. दुसरे खरे असेल, तर हे वरकड गुणसूत्र हेलेरी जातीहूनही जुने आहे.