नऊ लिटरचा हिशेब

पाणी, चहा, आमटी, ताक असं सगळं धरून आपण दिवसाला साधारण दोन लिटर द्रव पोटात घेतो. शरीर त्यात स्वतःचं सात लिटर ओततं: लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा पाझर. म्हणजे रोज नऊ लिटर, जवळजवळ अर्धी बादली, आतड्यातून वाहते. बाहेर पडतं ते मळातलं जेमतेम 100 ते 200 मिलिलिटर. उरलेलं सगळं आतडं पुन्हा रक्तात घेतं. हा हिशेब रोज चुकता होतो, म्हणून आपल्याला त्याची कधी जाणीवही होत नाही.

पटकीत हा हिशेब काही तासांत कोसळतो. तीव्र पटकीच्या रोग्याच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जातं, तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं. पन्नास किलोच्या माणसाचं पाच लिटर पाणी गेलं की नाडी लागेनाशी होते. सकाळी शेतावर गेलेला माणूस संध्याकाळी नाही, असं जुन्या गावांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. आपल्या वेशींवरची मरीआईची ठाणी त्या भयातून उभी राहिली.

रॉबर्ट कॉखने 1884 मध्ये कोलकात्यात पटकीच्या रोग्यांत स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू दाखवला. पण तो मारतो कसा, हे कळायला आणखी 75 वर्षं लागली. 1959 मध्ये त्याच कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी सशांच्या आतड्यांवर प्रयोग करून सिद्ध केलं की जंतू स्वतः नव्हे, त्याने सोडलेलं विष आतड्यातून पाणी उपसतं. एवढा मोठा शोध लावणाऱ्याचं नाव आपल्या शाळकरी मुलांना माहीत नसावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आजारी पाडायला किती जंतू लागतात? इथे आकडे चक्रावून टाकतात. जठरातलं आम्ल शाबूत असेल तर पटकीला सुमारे दहा कोटी जंतू पोटात जावे लागतात. हगवणीच्या शिगेलाला दहा ते शंभर पुरतात. ओकाऱ्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसचे तर अठराच कण पुरे, असा एक अंदाज आहे. आणि त्याच्या रोग्याच्या एका ग्रॅम मळात दहा हजार कोटींपर्यंत कण सापडू शकतात. भागाकार करून पाहा: कागदावर तरी चिमूटभर घाणीत साडेपाचशे कोटी माणसांना पुरेल एवढा आजार. नखाखाली राहिलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कणाचं मोल यावरून कळतं.

जंतूंची वाढ हा आणखी एक अचाट हिशेब. पोषक द्रव आणि ऊब मिळाली तर ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. बारा तासांत छत्तीस वेळा दुप्पट. एकाचे 6,871 कोटी, जगाच्या लोकसंख्येच्या आठपट. क्षयाचा जंतू मात्र दुप्पट व्हायला सुमारे वीस तास घेतो. तेवढ्याच छत्तीस पायऱ्या चढायला त्याला एक महिना लागतो. म्हणून तर बेडक्याच्या कल्चरचा निकाल यायला कित्येक आठवडे जातात. क्षय सावकाश येतो, सावकाश जातो. जुलाबाचा आजार तासांवर चालतो, आणि तासांतच आवरावा लागतो.

1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत ही वेळ डॉ. दिलीप महालनबीस यांच्यावर आली. पटकी पसरलेली, दवाखान्याच्या दोन खोल्यांत रोगी जमिनीवर पडलेले, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलेलं. त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा मोजून पुड्या बांधायला लावल्या. ते पाणी रोग्याचे नातेवाईकच पाजू लागले. छावणीत शंभरातले तीस रोगी दगावत होते. हे पाणी सुरू केल्यावर ते प्रमाण 3.6 वर आलं. हजारातले तीनशे मृत्यू, त्याऐवजी छत्तीस.

यामागचं कारण आतड्याच्या भिंतीत आहे. ग्लुकोजचा एक रेणू सोडियमचे दोन कण सोबत घेऊन आत शिरतो आणि त्यांच्यामागून पाणी जातं. पटकीचं विष हे दार बंद करू शकत नाही. या पाण्यात, म्हणजे जलसंजीवनीत, साखर गोडीसाठी घातलेली नाही, ती दार उघडायला आहे.

तरीही जगात दरवर्षी पाच वर्षांखालची सुमारे 4 लाख 40 हजार मुलं जुलाबाने दगावतात, रोजची बाराशे. आणि अजूनही काही घरांत जुलाब लागले की बाळाचं पाणी तोडतात, 'पाजलं की अजून होतं' म्हणून. पाजलं नाही तरी ते होतंच, फक्त अंगातलं जातं. जलसंजीवनीचं पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने. ओकारी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा पाजायचं, आणखी सावकाश. मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, पाणी पिईनासं झालं, तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा, आणि वाटेतही चमचा चालू ठेवायचा.