स्थिर अँटेनाही सरकतो
हातातला जीपीएस आपली जागा काही मीटर इकडेतिकडे दाखवतो. मग कोयनेकाठची जमीन काही मिलिमीटर सरकली का, हे आम्ही पाहणार कसे? बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एक अँटेना कायमचा बसवला आहे. त्याची जागा काटेकोर ठाऊक. म्हणजे मोजणीत येणारा फरक ही घड्याळांची, कक्षांची, वातावरणाची चूक. दर ३० सेकंदांच्या या नोंदी इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. त्याच दिवसाच्या नोंदी घेऊन कोयनेच्या नोंदींतली सामाईक चूक आम्ही वजा करतो. (अंतर वाढले की वातावरण सामाईक राहत नाही, ते वेगळे हिशेबात धरावे लागते.) दोनेक आठवडे थांबले तर उपग्रहांच्या नेमक्या कक्षाही मिळतात. पण बंगळूरचा अँटेनासुद्धा भूपट्टाबरोबर वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येला सरकतो, तेव्हा त्याची जागा मोजणीच्या तारखेचीच घ्यायची.