दृष्टिदानाचे ‘अरविंद’ सूत्र

मोतीबिंदूमुळे गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने परत मिळू शकते. तरीही असंख्य वृद्ध केवळ उपचारांपर्यंत पोहोचू न शकल्याने अंधारात दिवस कंठतात. हा प्रश्न वैद्यकीय कौशल्यापेक्षा व्यवस्थेचा अधिक आहे, हे ओळखून तमिळनाडूतील मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने उभारलेली कार्यपद्धती जगभर अभ्यासाचा विषय ठरली आहे.

डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर, १९७६ मध्ये अवघ्या ११ खाटांनिशी हे रुग्णालय सुरू केले. संधिवाताने बोटे वाकडी झालेली असूनही त्यांनी शस्त्रक्रियांचे तंत्र आत्मसात केले होते. २००६ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर या रोपट्याचा वृक्ष झाला होता.

वेळेचे गणित

नेत्रशल्यविशारदाचा वेळ हे सर्वांत दुर्मीळ साधन, असे येथे मानले जाते. शस्त्रक्रियागृहात एका डॉक्टरसाठी दोन टेबले असतात. एका टेबलावर शस्त्रक्रिया सुरू असताना दुसऱ्यावर पुढच्या रुग्णाची तयारी पूर्ण होते. तपासणी, मोजमापे आणि रुग्णाचे समुपदेशन ही कामे ग्रामीण भागातून निवडून प्रशिक्षित केलेल्या तरुणी सांभाळतात. डॉक्टरांकडे उरते ते निदान आणि शस्त्रक्रिया. पैसे भरणाऱ्या रुग्णांच्या शुल्कातून गरिबांवर मोफत किंवा अल्प दरात उपचार होतात. दोन्ही गटांतील फरक खोलीच्या सोयीसुविधांत दिसतो. डॉक्टर मात्र तेच असतात.

भिंगाची किंमत

मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायचे कृत्रिम भिंग पूर्वी आयात करावे लागे. त्याची किंमत १०० डॉलरच्या घरात असल्याने गरिबांच्या वाट्याला जाड काचांचा चष्माच येई. १९९२ मध्ये ‘ऑरोलॅब’ ही उत्पादन संस्था स्थापन झाली आणि भिंगाची किंमत सुमारे १० डॉलरपर्यंत खाली आली.

रुग्णाच्या दारी

स्वस्त उपचार उपलब्ध झाले, तरी रुग्ण येतातच असे नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या उणिवेवर नेमके बोट ठेवले. नेत्रशिबिरे भरवूनही डोळ्यांच्या तक्रारी असलेल्या ग्रामस्थांपैकी जेमतेम सात टक्के लोक तेथे येत होते. बुडणारी मजुरी, सोबतीचा अभाव, प्रवासखर्च आणि भीती हे अडसर कायम होते.

त्यावरचा उपाय म्हणजे २००४ पासून उभी राहिलेली कायमस्वरूपी दृष्टी केंद्रे. गावाजवळच्या या केंद्रात प्रशिक्षित तंत्रज्ञ डोळे तपासतो आणि दूरच्या रुग्णालयातील डॉक्टर संगणकाच्या पडद्यावरून रुग्णाशी बोलून सल्ला देतात. ज्याला केवळ चष्मा हवा, त्याला शहराची वारी करावी लागत नाही.

मधुमेहामुळे दृष्टिपटलाला होणारी इजा ओळखण्यासाठी ‘गूगल’ने विकसित केलेल्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रणालीचा प्रत्यक्ष वापरही २०१९ मध्ये मदुराईत सुरू झाला. हा विकार प्रारंभी कोणतेही लक्षण दाखवत नाही. त्यामुळे दृष्टी अधू होण्यापूर्वी छायाचित्रावरून तो हेरता येणे मोलाचे ठरते.

मात्र यंत्राने दोष दाखवला म्हणजे डोळा वाचला असे होत नाही. रुग्ण पुढील उपचारांसाठी वेळेत पोहोचला, तरच त्या निदानाला अर्थ उरतो. आधुनिक उपकरणे खरेदी करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने ‘अरविंद’कडून घ्यावा असा धडा हाच आहे.