चष्म्याचा दुसरा नंबर



वस्तीत घरोघरी फिरताना आमचं लक्ष आधी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे जातं आणि मग घरातल्या माणसांच्या नाकाकडे. तसबिरीतला चष्मा सरळ असतो. घरातला बहुधा वाकडा. कुणाची एक काडीच तुटलेली, तिथे दोरा कानाला गुंडाळलेला. कुणाच्या बिजागरीत स्क्रूऐवजी सेफ्टी पिन. नाकावरची गादी पडून उघडी तार टोचते, तिथे जखम. विचारलं की उत्तर ठरलेलं, "ताई, दुकानदार म्हणाला काडी मिळत नाही, पूर्ण फ्रेमच घ्या." तेवढे पैसे नसतात, मग चष्मा कपाटावर जातो आणि पोरगी फळ्यावरचं शेजारणीच्या वहीतून उतरवून घेते.

काडी प्रत्येक वेळी मिळेल असं नाही. पण पुष्कळदा मिळते, कोणती हवी ते नेमकं सांगता आलं तर. त्यासाठी चष्म्याचा दुसरा नंबर माहीत हवा. पहिला सगळ्यांना ठाऊक असतो, वजा दीड, अधिक दोन. तो डोळ्यांचा. दुसरा फ्रेमचा. तो कुणी सांगत नाही आणि आपण विचारत नाही.

चष्मा काढा आणि काड्यांची आतली बाजू उजेडात धरा. बारीक अक्षरं दिसतील. वाचता येत नसतील तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा, नाहीतर मुलांना वाचायला सांगा. धातूच्या फ्रेमवर कधी हा मजकूर दोन भिंगांच्या मधल्या पट्टीच्या आतल्या बाजूला असतो. तिथे साधारण असं काही दिसतं: ५२, मग छोटा चौकोन, मग १८, मग १४०. हे सगळे मिलिमीटर आहेत. ५२ म्हणजे एका भिंगाची रुंदी. १८ म्हणजे दोन भिंगांमधलं, नाकावरचं अंतर. १४० म्हणजे काडीची लांबी, कानामागच्या बाकासकट. त्याच्याजवळच आणखी काही अक्षरं-आकडे असतात. त्यात कंपनीचं नाव असेल, मॉडेलचा नंबर असेल आणि बहुधा सी ३ किंवा सी ५ असा रंगाचा नंबर. 'सीई' लिहिलेलं दिसलं तर तो मॉडेल नंबर समजू नका, ती युरोपच्या बाजारासाठीची खूण आहे.

काडीसाठी सगळ्यात महत्त्वाचा मॉडेल नंबर. १४० ची कुठलीही काडी बसेल असं वाटतं, पण बिजागरी जुळली नाही तर ती बसत नाही. डावी-उजवीही सांगावी लागते, आणि ती घालणाऱ्याची डावी-उजवी, समोरून बघणाऱ्याची नव्हे. दुकानात जाऊन एवढंच म्हणा, "हे मॉडेल, रंग सी ३, डाव्या कानाची काडी, १४०." तुटलेला तुकडा फेकू नका, सोबत न्या. कंपनीची काडी येत नसेल, तर त्याच मॉडेलची जुनी, भिंग फुटलेली फ्रेम दुकानात पडून आहे का ते विचारा. तिची काडी काढून बसवता येते.

स्वस्तातल्या फ्रेमवर कधी काहीच लिहिलेलं नसतं, आणि लिहिलेलं असलं तरी घामाने पुसून जातं. मग शाळेची पट्टी घ्या. भिंग सर्वांत रुंद असेल तिथे आडवं मोजा. दोन भिंगांमधलं सर्वांत कमी अंतर मोजा. काडी बिजागरीपासून टोकापर्यंत, बाकावरून दोरा फिरवून मोजा आणि दोरा पट्टीवर धरा.

इथे एक फसगत होते. फ्रेम पार मोडली पण भिंगं चांगली आहेत, म्हणून ५२-१८ ची दुसरी फ्रेम आणली तर भिंग बसेलच असं नाही. रुंदी तीच असली तरी उंची आणि आकार वेगळा असतो. त्याच मॉडेलची, त्याच मापाची फ्रेम असेल तरच खात्री. दुकानदार भिंग घासून बसवतो म्हणाला तर विचारा, "मध्य सरकणार नाही ना?" भिंगाचा मध्य बाहुलीसमोर यावा लागतो. १८ च्या जागी २० आलं की दोन्ही मध्य मिळून २ मिलिमीटर लांब जातात. नंबर मोठा असेल तर एवढ्यानेही डोळ्यांना ताण पडतो, डोकं दुखतं. दोऱ्याने बांधलेल्या चष्म्याचं दुखणंही असंच. सिलिंडरच्या नंबराला दिशा असते. चष्मा कलला की दिशा चुकते आणि धूसर दिसतं. मग लोक म्हणतात नंबर वाढला.

नाकावरच्या गाद्यांना मॉडेल लागत नाही. त्या दोन तऱ्हेच्या, स्क्रूच्या आणि नुसत्या दाबून बसणाऱ्या. जुनी दाखवली की तशी मिळते, दोन्ही बाजूंच्या एकदम बदला. खर्च किरकोळ, पण टाळाटाळ यातच जास्त होते. मधुमेह असलेल्या आजीच्या नाकावर तारेची जखम महिनोन् महिने राहिलेली आम्ही पाहिली आहे.

झटपट चिकटवणारा गोंद मात्र लावू नका. बिजागरी जाम होते आणि त्याच्या वाफेने भिंगावर पांढुरका थर बसतो. सेफ्टी पिन तर डोळ्याच्या इतकी जवळ नकोच.

काडीही नाही आणि फ्रेमला पैसेही नाहीत, अशी वेळ आली आणि मूल शाळेत जाणारं असेल, तर शाळेत आणि सरकारी रुग्णालयाच्या नेत्र विभागात विचारा. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शाळकरी मुलांना मोफत चष्मा देण्याची तरतूद आहे. मागताना संकोच नको, तो हक्क आहे.

आणि नवा चष्मा आला की त्याच दिवशी, अक्षरं ताजी असतानाच, काडीच्या आतल्या बाजूचा फोटो काढा. डोळे तपासल्याच्या कागदाच्या मागे दोन्ही नंबर लिहून ठेवा, वर डोळ्यांचा, खाली फ्रेमचा. चष्म्याचा छोटा स्क्रू ड्रायव्हर आमच्या पिशवीत असतो. रविवारी वंदनेनंतर ढिले चष्मे विहारात घेऊन या, आणि पडलेला स्क्रू सापडला असेल तर कागदात गुंडाळून आणा.