ट्राम, ट्रक आणि आमचा ओटा

संध्याकाळी सहाच्या सुमारास कुपवाडच्या आमच्या रस्त्यावर उभे राहिले की, एमआयडीसीतली पाळी सुटल्याचे घड्याळ न पाहताही कळते. आधी मोटारसायकलींचा लोंढा येतो, मागोमाग टेम्पो, मग ट्रक. या साऱ्यांच्या कडेने, गटारीच्या काठावरून अंग चोरत चालणारी माणसे. नेमके त्याच वेळी सौ. आणि मी पलीकडे भाजी आणायला निघतो. रस्ता ओलांडायला कधी कधी दहा मिनिटे लागतात. "अहो, थांबा, अजून एक येतोय," हे वाक्य तिने किती वेळा म्हटले असेल, त्याची गणती नाही.

खरे सांगायचे तर या गर्दीत माझाही हात आहे. नव्वदच्या दशकात मी बँकेत कर्जाचे टेबल सांभाळत होतो. लूना, एम-८०, स्कूटर, पुढे मोटारसायकल. पगाराचा दाखला, दोन जामीनदार, गाडी बँकेकडे तारण. कर्ज मंजूर झाले की माणूस पेढे घेऊन यायचा, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद अगदी खरा असायचा. बारा मैलांवरून सायकल मारत कामाला येणाऱ्याला लूना मिळणे म्हणजे काय, हे मी पाहिले आहे. पण एवढ्या गाड्या जाणार कुठून आणि पायी चालणाऱ्याने जायचे कुठून, असा रकाना त्या अर्जात नव्हता.

आमच्या शेजारी एक निवृत्त फोरमन राहतात. तीस वर्षे सायकलवरून कारखान्यात गेले, कधी खरचटले नाही. गेल्या पावसाळ्यात घरासमोरच एका मोटारसायकलीने त्यांना उडवले. मांडीचे हाड जुळले, पण आता ते फाटकाबाहेर पडत नाहीत. फाटकाला धरून उभे राहतात आणि मला विचारतात, "साहेब, कलकत्त्यात तुम्ही ट्रामनं जात होता ना?"

होय, जात होतो. बढतीबरोबर बदली झाली आणि दोन वर्षे मी रोज श्यामबझारहून एस्प्लनेडला ट्रामने गेलो. पुढच्या डब्यात पंखे, म्हणून तो पहिला वर्ग. मागचा डबा दुसरा वर्ग. ट्राम संथ चालायची, पण चढण्या-उतरण्यासाठी पळावे लागत नसे, असे मात्र समजू नका. ती रस्त्याच्या मधोमध थांबे आणि तिथवर बसगाड्या चुकवत जावे लागे! १८७३ साली घोड्यांवर सुरू झालेली आणि १९०२ पासून विजेवर धावलेली ती ट्राम एस्प्लनेड-मैदानचा टापू वगळून बंद करण्याचे तिथल्या सरकारने २०२४ मध्ये जाहीर केले. वाचून जीव हळहळला.

मुंबईची ट्राम तर आधीच गेली. ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी अशी घोड्यांची ट्राम सुरू झाली तेव्हा भाडे होते तीन आणे आणि तिकीटच देत नसत. (आमच्या ऑडिटरला हे कळते तर!) १९०७ मध्ये वीज आली, १९२० मध्ये दुमजली ट्राम आली, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. आम्हा बँकवाल्यांचा खाती बंद करण्याचा हाच दिवस. नाशकातही शहर ते नाशिकरोड घोड्यांची ट्राम होती, हे नव्या पिढीला सांगून खरे वाटत नाही.

पण मला खरा चकवा दिला तो फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गने. तिथेही १९६० मध्ये ट्राम मोडीत काढली होती. १९८९ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत भांडण झाले ते यावरच : भुयारी रेल्वे की पुन्हा ट्राम? कॅथरिन ट्राउटमन ट्रामच्या बाजूने उभ्या राहिल्या, निवडून आल्या, आणि १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये ट्राम धावली. व्यापाऱ्यांनी आधी कडाडून विरोध केला होता. पण तिथे नुसते रूळ टाकले नाहीत. रस्ता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नव्याने मांडला. जमिनीखालचे नळ आणि तारा आधी हलवल्या, पदपथ रुंद केले, झाडे लावली, भर चौकातून मोटारी हद्दपार केल्या. आसपासची गावे धरून त्या शहराची वस्ती तेव्हा चार-पाच लाखांच्या घरातली. आमच्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची २०११ च्या जनगणनेत पाच लाखांवर!

स्कॉटलंडमधल्या एडिनबरोत मात्र याच कामाने लोकांच्या तोंडचे पाणी पळवले. २००८ मध्ये खोदाई सुरू झाली आणि ट्राम धावली २०१४ मध्ये. जमिनीखाली काय काय पुरले आहे, याचा अंदाजच चुकला होता. आमचा रस्ता एकाच वर्षात तीनदा खणला गेल्याचे मी पाहिले आहे, त्यामुळे एडिनबरोकरांचे दुःख मला परके नाही.

रूळही आपल्याला परके नाहीत. सांगली संस्थानाने १९०७ मध्ये मिरजेपर्यंत पाच मैलांचा मीटरगेज फाटा टाकला होता. मिरजेच्या दर्ग्यापासून सांगलीच्या गणपतीपर्यंत ट्राम असती, तर दर्ग्यातले गाणे ऐकून रात्री उशिरा निवांत परतता आले असते, असे स्वप्न मीही पाहतो. पण माझ्यातला बँकेचा माणूस कागद पुढे ओढतो. कुपवाडच्या रस्त्याला कारखान्यांचे ट्रक हवेतच, आणि ट्राम व ट्रक इथे एकमेकांना वाट देणार नाहीत. तो प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी नामंजूर केला असता. भिंतीपासून भिंतीपर्यंत रस्ता मांडण्याचे कलम तेवढे वेगळे काढून मंजूर केले असते. त्याला रूळ लागत नाहीत. पण रूळ आल्याखेरीज ते कलम कोणी हाती घेत नाही, हेही खरे.

मागच्या रविवारी पहाटे, रस्ता रिकामा असताना, मी टेप घेऊन बाहेर पडलो. दुसरे टोक फोरमननी धरले. त्यासाठी का होईना, ते फाटकाबाहेर आले. दोन्ही बाजूंना सहा-सहा फुटांचा पदपथ काढायचा तर आमचा ओटा जातो, त्यांची फाटकाची कमान जाते. ते काही बोलले नाहीत. घरी येऊन सौ.ला सांगितले.

"ओटा जाऊ दे," ती म्हणाली. "पारिजातकाचं तेवढं बघा."

पुन्हा टेप घेऊन गेलो. झाड दीड फूट आत येते.